सवडीच्या खालची ओळ

माझं सगळं आयुष्य यंत्रांना उशीर होऊ न देण्यात गेलं. उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर आमच्या कामात चूकच धरतात. यंत्रांना आज्ञा देण्यासाठी मी एक संगणकभाषा घडवली. तिच्यात प्रत्येक आज्ञेशेजारी वेळेची मर्यादा लिहावीच लागे. तिच्या जोरावर परिषदांमधून बराच मिरवलो.

निवृत्त होऊन सोलापूरला परतलो आणि तीच भाषा अण्णाच्या मागाला लावली. अण्णा माझा थोरला भाऊ, जन्मभर मालकाच्या कारखान्यात टॉवेल विणलेला. धागा तुटला किंवा माणसाचा हात आत आला की माग जागच्या जागी थांबायचा. अण्णा वैतागला. माग थांबून पुन्हा सुरू झाला की टॉवेलवर आडवा पट्टा उमटतो, आणि पट्ट्याचा माल म्हणजे विणकराची अब्रूच गेली. धागा नुसता ढिला पडला तरी तुझं यंत्र नाक मुरडतं, त्याला जरा दम धरायला सांग, असं तो रोज म्हणे. चालत्या मागात हात घालून गाठ मारणारी ही माणसं. माग थांबवणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

मला भावाचा शब्द मोडवेना. मी भाषेत ‘सवड’ हा नवा शब्द घातला, म्हणजे थांबण्याआधी यंत्रानं क्षणभर वाट बघायची. पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून नियम केला, की सवड एकदा लिहिली की खालच्या सगळ्या ओळींना लागू. धाग्याच्या खालची ओळ हाताची होती, म्हणजे हात आत आला तरी माग क्षणभर चालतच राहणार. ते माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्यांच्या अशाच चुका काढत म्हातारा झालो, तरीही. शेजारच्या विणकरानं पाहिलं, त्यानंही हौसेनं तेच बसवून घेतलं.

महिन्याभरात अण्णाची दोन बोटं गेली. अपघाताच्या कागदावर कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. मी वाचलं आणि आठ दिवस गप्प बसलो. मालक काय म्हणेल, जुने सहकारी काय म्हणतील, एवढंच डोक्यात. सांगतानाही लाज वाटते.

नवव्या दिवशी अण्णाच्या खाटेशी बसून त्याला सगळं सांगितलं, ओळी लिहून दाखवल्या. तो चिडला नाही. त्यानं कागद हातात घेतला.

“शेजारच्या मागाला बी हेच लावलंयस की,” तो म्हणाला. “त्यो बंद केलास न्हवं?”

मी तिथूनच शेजारच्या विणकराला फोन लावला. वाजत राहिला. चालत्या मागाच्या आवाजात फोन ऐकू जात नाही. मी अनवाणीच धावत सुटलो.