कान पिळण्याआधी

"कान पिळण्याआधी कानात बघावं, मास्तर." लालबागच्या आमच्या शाळेतल्या एक बाई हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवत. मी तेव्हा नवा होतो आणि कान पिळण्यात तरबेज होतो.

बाईंची एक खोड होती. शिकवता शिकवता त्या वर्गाच्या मागे जात आणि मुलांच्या पाठीशी उभ्या राहून पुटपुटत, "पेपरमिंट कोणाला हवं?" पटापट हात वर. मग पिशवीतून पत्र्याचा डबा निघायचा. एकदा शाळा तपासायला दिपोटी आले, तर बाईंनी त्यांच्याही मागे जाऊन तेच केलं. साहेबांचा हात खांद्यापर्यंत उठला आणि घाईघाईनं टोपी सारखी करू लागला. "कान शाबूत आहेत हो," बाई नंतर मला म्हणाल्या. हे सगळे मुलांचे लाड आहेत, असं माझं ठाम मत होतं.

माझ्या दुसरीच्या वर्गात एका गिरणीकामगाराची मुलगी होती. काही विचारलं की नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. फळ्याकडे वळून सांगितलं तर पाटी कोरी. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं, दोनदा कान पिळला आणि प्रगतिपुस्तकात 'मठ्ठ' असं लिहून टाकलं. अक्षर मात्र सुरेख काढलं होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या गल्लीत पोरांचीही मिरवणूक निघायची. पुढचा ओरडे, "संयुक्त महाराष्ट्र!" बाकीचे ओरडत, "झालाच पाहिजे!" आणि सगळे गप्प झाले की मागून एक बारीक आवाज एकटाच येई, "झालाच पाहिजे!" आवाज त्या मुलीचा. गल्ली हसली, मीही हसलो. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या वर्गात आल्या आणि मागे उभ्या राहून पुटपुटल्या. सगळे हात वर गेले. एक गेला नाही.

"पेपरमिंट नको म्हणणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही, मास्तर. पोर दुसऱ्यांचे ओठ बघून घोषणा देते, म्हणून मागे पडते."

नेमका त्याच दुपारी तिचा बाप शाळेतून तिचं नाव काढायला आला. "चेडवाक गावाक धाडतंय. डोक्यात काय शिरत नाय तिच्या. मास्तरांनीच लिवल्यानी."

मी जमिनीकडे बघू लागलो. बाई म्हणाल्या, "तीन महिने थांबा. मग मीच गाडीत बसवून देईन."

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा खाली ओढून कानात पाहिलं. पडद्यामागे चिकट पाणी साचलं होतं. सर्दीनंतर मुलांना होतं, दुखत नाही म्हणून कोणाला कळत नाही, बहुधा आपोआप जातं, असं ते म्हणाले. तोवर पुढच्या बाकावर बसवा आणि समोर बघून बोला.

तीन महिने मी मुलांकडे तोंड करून, हात मागे नेऊन फळ्यावर लिहिलं. ते सुरेख अक्षर पार कामातून गेलं. पाणी काही हटेना. शेवटी डॉक्टरांनी पडद्याला बारीकसा छेद देऊन ते काढलं. आठवड्यानं पोर शाळेत आली आणि पहिल्याच तासाला बाईंकडे तक्रार घेऊन गेली, "गुरुजी केवढ्यांदा ओरडतात!"

गावाला जायचं कोणी पुन्हा काढलं नाही. पुढच्या मिरवणुकीत तिचं "झालाच पाहिजे" सगळ्यांच्या आधी आलं. प्रगतिपुस्तकातला तो शब्द मी खोडायला घेतला, तर बाईंनी हात धरला. "राहू दे. तुमच्या उपयोगी पडेल."

गेल्या वर्षी बाई गेल्या. शाळेत शोकसभा होती. मी सवयीनं मागच्या खुर्चीत बसलो होतो. भाषणं चालली होती, माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. सगळे हात जोडत तेव्हा मी जोडत होतो. तेवढ्यात एक पिकल्या केसांची बाई माझ्या समोर येऊन उभी राहिली. माझ्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "गुरुजी, मघापासून मागे उभी राहून विचारतेय. पेपरमिंट हवं का?"

मी हात वर केला. तिनं तोच हात धरून मला उठवलं आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.