उषाने नाकारलेला टॉस

बातमी आली तेव्हा मी पेणच्या घरी गॅलरीतले ओले कपडे आत घेत होते. फोन रोह्याहून होता, उषाच्या यजमानांचा. "मंगलताई, उषा गेली," एवढंच प्रभाकर भाऊजी म्हणाले आणि मग फोन तसाच चालू राहिला. त्यांच्या मागे पत्र्यावर पडणारा पाऊस तेवढा ऐकू येत होता. हृदयाचं दुखणं तिला गेली काही वर्षं होतंच, त्यामुळे अगदीच अचानक झालं असं म्हणता येणार नाही. पण आदल्याच आठवड्यात मी तिला दवाखान्यात भेटून आले होते आणि तेव्हा ती उशीला टेकून फोनवर कुणाला तरी ठणकावत होती, की तालुक्याचे सामने शुक्रवारीच होतील, शुक्रवारी स्वच्छ ऊन पडणार आहे. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ऊन पडणार हे तुला कुणी सांगितलं?" तर म्हणाली, "कुणी सांगायला कशाला पाहिजे? मला वाटतं." शुक्रवारी असा पाऊस लागला की कुंडलिका नदीच्या काठाने जाणारी वाहतूक थांबवावी लागली. उषाचे हवामानाचे अंदाज आयुष्यभर असेच चुकत आले. तरीही रायगडातल्या बेसबॉल खेळणाऱ्या मुलींचे पावसाळ्यातले सामने ती पार पाडत राहिली, निवृत्त झाल्यावरसुद्धा. ते तिला कसं जमत होतं, हे आता ती गेल्याला काही आठवडे झाल्यावर सांगावंसं वाटतं.

उषा टिपणीस रोह्याची. घरची शेती खंडाने लावलेली, वडील शिक्षक, बोलणं शहरी आणि नेमकं. मी पेणजवळच्या जिते गावची, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली, तोंडात 'नाय' आणि 'हाय'. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आम्ही एकाच खोलीत राहिलो. पहिल्या महिन्यात ती माझी भाषा सुधारायला गेली आणि वर्षअखेरीला तीच 'व्हय गो' म्हणायला लागली. पुढे ती रोह्याच्या शाळेत लागली, मी पेणच्या. दोघींच्या शाळांना एकाच सुमाराला बेसबॉलचं साहित्य मिळालं. लाकडी बॅटी, जाड कातड्याचे ग्लोव्ह, कॅचरची जाळी... ते उघडून बघताना माझ्या मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, "हे क्रिकेटचंच ना?" मी तो खेळ घेतला तो वरून सांगितलं म्हणून. उषाने विचार करून घेतला. ती सरळ म्हणाली, "कबड्डीत आणि खो-खोत आपल्या मुलींना कोण पुढे जाऊ देणार आहे? तिथे मोठे संघ बसलेत. हा खेळ कुणालाच येत नाही. आपण आधी शिकू." त्यात तिला कमीपणा वाटला नाही. मुलींना जिल्ह्याबाहेर न्यायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

अडचण एकच होती आणि ती आभाळातून यायची. शाळा जूनमध्ये उघडतात आणि शालेय सामन्यांचा हंगाम जुलै-ऑगस्टात सुरू होतो. राज्याच्या कोरड्या भागात ते ठीक आहे. आमच्याकडे त्या दिवसांत मैदान म्हणजे भाताचं खाचर. फक्कीने आखलेल्या रेषा पहिल्या सरीत वाहून जातात, बॉल टाकणारी पिचर उभी राहते तिथे डबकं होतं, आणि चामड्याचा बॉल भिजला की लहान मुलीच्या हाताला तो दगडासारखा जड लागतो. कबड्डी हॉलमध्ये नेता येते, बेसबॉल नेणार कुठे? मग सामने पुढे ढकलायचे, पुन्हा ढकलायचे, आणि विभागाच्या स्पर्धेला जिंकलेल्या संघाचं नाव पाठवायची मुदत आली की संयोजकांनी दोन्ही शिक्षकांना बोलवून नाणं उडवायचं. वर्षभर सराव केलेल्या मुली घरी, आणि निकाल टेबलावर. दर वर्षी नियोजनाच्या बैठकीत उषा उठून म्हणायची, निदान आमच्या जिल्ह्याला दिवाळीनंतरच्या तारखा द्या. एकदा संयोजक वैतागून म्हणाले, "मॅडम, राज्याचं वेळापत्रक तुमच्या पावसाला विचारून ठरत नाही." त्यावर ही शांतपणे, "मग पावसाने तरी तुमच्या वेळापत्रकाला का विचारावं?" सगळे हसले आणि तारखा होत्या तिथेच राहिल्या.

मग तिने तारखांचा नाद सोडला आणि मैदानाच्या मागे लागली. भाताच्या गिरणीतून तुसाची पोती आणून ती पिचरच्या जागी पसरायची, म्हणजे पाय घसरत नाहीत. एकदा जिल्ह्याचे सामने पेणला होते तेव्हा ती मला घेऊन गणपतीच्या कारखान्यात शिरली. सण तोंडावर, मूर्ती रंगून दाटीने उभ्या, कारखानदाराला मान वर करायला फुरसत नाही. ही म्हणाली, "तुमचे मोठे प्लास्टिकचे कागद द्या, मैदान झाकायचंय." तो बघतच राहिला. "ताई, न्यायला लोक आले नि गणपती भिजला तर?" उषा म्हणाली, "गणपती छपराखाली आहेत. माझ्या मुली उघड्यावर आहेत." शेवटी त्याने फाटके तेवढे दिले. आम्ही दोघींनी ते डोक्यावर घेऊन भर बाजारातून नेले.

ज्या वर्षाची गोष्ट मला खरं सांगायची आहे, त्या वर्षी जिल्ह्याचा अंतिम सामना तिच्या शाळेचा आणि माझ्या शाळेचा होता. तिची पिचर दर्शना नावाची मुलगी, कासू गावाहून गाडीने रोह्याला शाळेत यायची. उंच, लांब हातांची, कमी बोलणारी. तिच्या वडिलांची भातशेती. त्यांनी मुलीला निक्षून सांगितलं होतं की दहावीनंतर खेळ बंद, विभागापर्यंत गेलीस तर मात्र पुढचं बघू. त्यामुळे हा सामना तिच्यासाठी काय होता, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. सामना रोह्याला लागला आणि पावसाने धुतला. पुन्हा लागला, पुन्हा धुतला. तिसऱ्या खेपेला संयोजकांनी आम्हाला शाळेच्या ऑफिसात बोलावलं आणि खिशातून नाणं काढलं. उषाने छापा मागितला. छापा पडला. दाराबाहेर तिच्या मुलींनी आरडाओरडा केला, माझ्या मुली भिंतीला टेकून रडायला लागल्या.

उषा उठली नाही. "सर, नाव कधीपर्यंत पाठवायचंय?" तिने विचारलं. ते म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत. "मग उद्या दुपारी खेळू. हा टॉस आम्हाला नको." संयोजकांना वाटलं थट्टा करतेय. मलाही वाटलं. खेळणार कुठे, असं त्यांनी विचारलं, तर हिने जागा आधीच हेरून ठेवलेली. गावाबाहेर एका बंद पडलेल्या कंपनीचं आवार होतं, पूर्वी तिथे ट्रक उभे राहायचे. मुरूम दाबून घट्ट केलेली जमीन, पाणी थांबत नव्हतं. वॉचमनशी बोलणं झालं होतं. "तिथे घसरून बेसला जायचं नाही, गुडघे सोलतील, एवढा एक नियम करू," ती म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिला बाजूला ओढलं. "उषा, तू वेडी आहेस का गो? जिंकलीस ना?" ती छत्री उघडत म्हणाली, "वेडी असेन. पण पुढच्या वर्षी टॉस तू जिंकशील, तेव्हा तुझ्याशी भांडायला मला तोंड पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही खेळलो. सकाळी उघडीप होती, उषाने दिवसभर कोरडं राहील असं जाहीर केलं, आणि तिसऱ्या इनिंगला सर आली. सगळ्या मुली जुन्या शेडखाली जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही शाळांच्या मिसळून, एकमेकींच्या डब्यातलं खात. सर ओसरली की पुन्हा खेळ. असं थांबत थांबत शेवटची इनिंग आली तेव्हा धावा सारख्या होत्या. बॅटिंग माझ्या मुलींची होती आणि तिन्ही बेसवर त्या उभ्या होत्या. दर्शना पिच करत होती, बॉल पार भिजलेला, ती तो पुन्हा पुन्हा टी-शर्टच्या टोकाला पुसत होती. तिने टाकलेले बॉल बाहेर जात राहिले, आणि चौथा बाहेर गेला की पहिला बेस फुकट मिळतो, म्हणून माझ्या संघातली मुलगी बॅट न लावताच पहिल्या बेसकडे चालत निघाली आणि तिच्यामुळे पुढे सरकलेली तिसऱ्या बेसवरची चालत होमला आली, म्हणजे एक धाव. आम्ही जिंकलो. उषा टाळ्या वाजवत आमच्या मुलींकडे आली, एकेकीच्या पाठीवर थाप मारली. मागे दर्शनाने ग्लोव्ह जमिनीवर आपटला. "टॉस जिंकलो होतो ना ताई? मग कशाला खेळवलंत?"

मला वाटलं आता उषा काहीतरी मोठं बोलेल. ती ओल्या मुरमावरून तिच्याजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "व्हय गो, जिंकलो होतो. पण त्यात तू टाकलेला एक बॉल नव्हता." दर्शनाने तोंड फिरवलं. त्यानंतर ती मुलगी मैदानावर यायची बंद झाली, वर्गाबाहेर दिसली तरी उषाला टाळायची.

उषाने आपला निर्णय चुकला असं कधी म्हटलं नाही. त्याची किंमत मुलीने द्यावी, हे मात्र तिने मान्य केलं नाही. त्या हिवाळ्यात ती बऱ्याच रविवारी कासूला जायची, कधी कधी मीही पेणहून जाऊन तिला तिथे गाठायची. दर्शना चहा आणून ठेवायची आणि आत निघून जायची. वडील ओटीवर बसून म्हणायचे, "बाई, खेळून काय मिळालं तिला? हरलीच ना?" उषा म्हणायची, "हरली. पण आख्ख्या जिल्ह्याने बघितलं, ओल्या बॉलने ती शेवटपर्यंत उभी राहिली. ज्युनियर कॉलेजात अजून दोन वर्षं आहेत. मला द्या." ते नाही म्हणायचे. ही पुढच्या रविवारी पुन्हा जायची, चहा प्यायची, वालाच्या शेंगा घेऊन परतायची. एका सकाळी रोह्याच्या मैदानावर मुली पळत होत्या, तर त्यांच्यात सगळ्यात शेवटी दर्शना पळताना दिसली. कधी आली, कोणाला विचारून आली, उषाने विचारलं नाही. नुसती शिटी वाजवली आणि ओरडली, "लांब हातवाली, पाय उचल!" पुढे ती कॉलेजच्या संघातून राज्यापर्यंत खेळली. आज धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, आणि शिफ्ट सांभाळून जिल्ह्याच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते.

आणि टॉसचं म्हणाल, तर पुढच्या बैठकीत नाण्याचा विषय निघाल्यावर संयोजकांनी स्वतःच उषाकडे बघितलं. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात बेसबॉलच्या सामन्यांना राखीव दिवस ठेवतात आणि मुरमाचं एक मैदान हाताशी ठेवतात. कागदावर ही लहानशी गोष्ट आहे. पण त्यामुळे कितीतरी मुली हरल्या किंवा जिंकल्या त्या स्वतःच्या हातांनी.

परवा रोह्याला गेले होते. तालुक्याचा उरलेला सामना अर्धा झाला होता, बाकीचा पावसामुळे दुसऱ्या दिवसावर गेला होता. संध्याकाळी भाऊजींना भेटायला घरी गेले. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत टेबलफॅन मोठ्या आवाजात फिरत होता आणि त्याच्यासमोर जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून मुलींचे भिजलेले ग्लोव्ह ओळीने मांडले होते, प्रत्येकात कागदाचा बोळा कोंबलेला. खोलीभर ओल्या कातड्याचा वास. भाऊजी खाली बसून एकेक ग्लोव्ह उलटा करत होते. भाऊजी बँकेत होते, खेळाशी त्यांचा आयुष्यभर संबंध नाही. मला बघून थोडे ओशाळले. "शाळेत जाऊन घेऊन आलो," म्हणाले, "ती असती तर तिने आणलेच असते ना... तिथे असेच पडले असते तर सकाळपर्यंत वाळले नसते." मी पदर खोचला, त्यांच्या शेजारी बसले आणि एका ग्लोव्हमधला भिजलेला बोळा काढून कोरडा कागद घातला. भाऊजींनी पंखा थोडा माझ्या बाजूला वळवला.