आसोद्याची पांढरी मुळी

आसोद्याला जायचं तर वांग्याच्या भरताच्या दिवसांत, थंडी असताना जा. मी गेले १९८८च्या फेब्रुवारीत, आणि भरतासाठी नाही, केळीच्या मुळांसाठी! तेव्हा मी धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि केळीच्या क्रोमोसोमवर पीएचडी करत होते. करत होते कसली, दोन वर्षं नुसती रडत होते. एकाही स्लाइडवर मोजता येतील असे क्रोमोसोम मिळेनात. शेवटी गाइड म्हणाले, "मार्चअखेर एक तरी मोजणी दाखवा, नाहीतर विषय सोडा."

सकाळची पहिली एसटी पकडली. पारोळा, एरंडोल करत जळगावला तीन तास धरा, आसोदा तिथून जवळच. चहा पारोळ्याला घ्या, पुढे बरा मिळत नाही. मांडीवर माझी बाटली होती, अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडची. कापलेली मुळं त्यात बुडवून न्यायची. वास असा, की कंडक्टर वाकून बघायला लागला.

"ताई, हाई काय शे? लोणचं का दारू?"

"दोन्ही!" मी वैतागून म्हटलं. अख्खी बस हसली.

आसोद्याला माझ्या एका विद्यार्थिनीची आई होती, तिला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी बागेत नेऊन केळीच्या बुडाशी फुटलेलं एक पिल्लू उकरलं. मी लगेच ब्लेड काढलं, तर त्यांनी हात धरला.

"हे मुळी मरेल हाये. पहाय ना, कशी काळी पडेल हाये. आज पाणी देते. परवा सकायी पांढरी मुळी निघीन, तवा काप."

मी ब्लेड परत ठेवून दिलं. वाढत्या मुळीत पेशी विभागत असतात तेव्हाच क्रोमोसोम दिसतात, हे मी पोरांना फळ्यावर शिकवायचे. आणि स्वतः दोन वर्षं कुंडीतली वाळकी मुळं कापत होते! रजा एकाच दिवसाची होती. प्राचार्य कडक. पण म्हटलं, पगार कापतील तर कापू देत, आणि राहिले.

दोन दिवस भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. खर्च शून्य, वर शिदोरी. अक्का विचारत, "केळाले बी काहाले नसते वं?" मी सांगितलं, क्रोमोसोमच्या जोड्या लागल्या तर बी धरतं, केळीत अकरा प्रकारचे क्रोमोसोम, पण प्रत्येकाचे तीन-तीन.

"तिघाईची जोडी कशी लागीन, माय!" अक्का म्हणाल्या. एवढं सोपं मला वर्गात कधी जमलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी मुळं निघाली, दुधासारखी पांढरी. निघताना अक्का म्हणाल्या, "मोजता आलं तं कार्ड टाक. नही आलं तरी टाक."

देवपूरला चौथ्या स्लाइडवर ते दिसले, रंग चढून लाल, सुटे सुटे. तीनदा मोजले. तेहेतीस! प्रयोगशाळेत एकटी होते, मनसोक्त रडून घेतलं. पगार कापला गेलाच. पण पीएचडी झाली, आणि पुढची सगळी नोकरी मी क्रोमोसोम मोजण्यातच काढली.

त्याच दिवशी कार्ड टाकलं होतं: "अक्का, तेहेतीस." आठवड्यानं लेकीच्या अक्षरात उत्तर आलं. ते अजून माझ्या मायक्रोस्कोपच्या पेटीत आहे.

"माले त्यातलं काही समजलं नही. पण आणखी लागतीन म्हनून पाणी देऊन ठेवेल हाये. ये."