ताडपत्रीचा भाव

गल्लीत त्यांना सगळे धर्मकाटा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. दोर, ताडपत्र्या, खिळे, कड्या असं सामान ते विकायचे. त्यांच्याकडे कुणी घासाघीस करत नसे, कारण कमी करायला भावात जागाच नसे. वडील सांगून गेले होते, "खरेदीवर पोटापुरतं चढवायचं, बाकी देवाचं. गरजवंताला हात लावायचा तो आधाराला, खिसा चाचपायला नाही."

शेजारचं दुकान धाकट्या भावाचं. वडिलांच्या पश्चात एकाच दुकानात मधोमध भिंत घातलेली. धाकटाही देवाधर्माचा, प्रार्थना न चुकवणारा. पण त्याचा देव वेगळंच सांगायचा. "दादा, पाऊस तो पाडतो, पीक तो देतो, मग भाव तेवढा तू ठरवणार? तोच चढवतो, तोच उतरवतो. आपण मध्ये लुडबूड करू नये."

"सोयीचा देव आहे रे तुझा," धर्मकाटा म्हणायचे. दोघं हसायचे आणि आपापल्या गल्ल्यावर जाऊन बसायचे.

मग वादळ आलं. सकाळी निम्म्या वस्तीवर पत्रे राहिले नव्हते आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. धाकट्यानं ताडपत्रीचा भाव तिप्पट केला. धर्मकाट्यांनी कालचाच ठेवला. त्यांच्या दारात ही झुंबड! लोक हात जोडत होते, देवमाणूस म्हणत होते. ज्याला एक पुरली असती त्यानं चार नेल्या. "असू द्या घरात, परत या भावात कुठं मिळायच्या?" एकानं तर अंगणातली मोटार झाकायला नेली. दुपारपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणारी बाई आली, चिंब भिजलेली. रस्त्यात झाड आडवं पडलेलं, ते हटेपर्यंत तिला निघताच आलं नव्हतं. घरी आई अंथरुणाला खिळलेली.

"काका, एक द्या. फाटकी असली तरी चालेल."

"संपल्या गं."

ती शेजारच्या दुकानाकडे बघून म्हणाली, "तिथं आहेत. पण तो भाव मला झेपायचा नाही."

धर्मकाटा उठून भावाकडे गेले. धाकटा शांतपणे म्हणाला, "दादा, तुझ्या स्वस्त होत्या म्हणून संपल्या. माझ्या महाग आहेत म्हणून उरल्यात. आता सांग, कुणाचा देव चुकला?"

त्यांनी आपल्या गल्ल्यातून पैसे आणून समोर ठेवले. धाकट्यानं ते घेतले, वरचे सुटे परत केले. ताडपत्री त्यांनी स्वतः त्या बाईच्या घरावर बांधून दिली. पण म्हातारी दिवसभर ओल्यात पडून होती. छातीत कफ भरला आणि त्याच आठवड्यात ती गेली.

धर्मकाटा अंत्यविधीला गेले. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही. बायकोनं रात्री विचारलं, "मनाला लावून घेतलंत ना?"

"नाही गं. काहीच लागत नाहीये."

आणि ते खरंच होतं. प्रार्थनेला बसले की सवयीनं शब्द यायचे, संपायचे. देवावर राग नव्हता, भावावर नव्हता, मोटारवाल्यावरही नव्हता. दात काढल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं.

पुढं धाकटाच एकदा म्हणाला, "दादा, भिंत काढूया का?"

"काढ."

"आणि भाव?"

"तू ठरव."

धाकटा जरा चपापला. त्याला भांडण अपेक्षित होतं. गवंडी आला, भिंत पडली, दुकान एक झालं. धर्मकाटा आता आतल्या बाजूला दोर कापतात. कुणी भाव विचारला तर हनुवटीनं भावाकडे दाखवतात.

परवा ती शिवणकामवाली आली होती, कपडे वाळत घालायला दोर हवा म्हणून. म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही धावून आलात, ते मी विसरले नाही."

"हं," ते म्हणाले. दोर हातावर घेऊन त्यांनी विचारलं, "दोन्ही टोकांना गाठीपुरता जास्त सोडू ना?"

"सोडा."

त्यांनी सोडला आणि कापला.