तारांवरचा हात

भाऊ गेल्यावर त्याच्या वस्तूंची यादी मीच केली. रेल्वेतल्या नोकरीचे कागद, कपडे, स्कूटर, बेस गिटार. बाकी सगळं लवकर मार्गी लागलं. गिटारवर मात्र वहिनी अडून बसली.

ती अमेरिकन बेसची जुनी जपानी नक्कल होती. अंगाचं वळण, खुंट्या, पांढरी प्लेट सगळं हुबेहूब. माथ्यावरचं नाव तेवढं वेगळं. भाऊ जयंतीच्या कार्यक्रमांत तीच वाजवायचा. अशा नकला आता लोक शोधत फिरतात. नवा रायपूरहून एक जण संध्याकाळी ती न्यायला येणार होता, म्हणून मी दुपारीच रायपुरातल्या बुढापारा मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेले.

वहिनी भावाच्या खोलीत बसली होती. बेस स्टँडवर, तिला जोडलेला अँप्लिफायर चालू, आणि घूं असा आवाज. जुन्या बेसला तो असतोच. तारांवर हात ठेवला की थांबतो. भावाने मला कितीदा दाखवलं होतं.

"काय करून राहिली तू?" मी विचारलं.

"वाट पाहून राहिली, ताई. रोज एकदा आवाज थांबते. ते हात ठेवतात न."

याच्यासाठीच तर बेस घराबाहेर काढायची होती. "मी बसते तुझ्यासोबत," मी म्हणाले. "नाही थांबला तर आज बेस जाईल."

"आन् थांबला तं?"

"तर राहील."

मी वायर घट्ट केली, बटणं पाहिली आणि भिंतीला टेकून बसले. दोघींचे हात आपापल्या मांडीवर. खाली गल्लीत स्कूटरींची ये-जा चालू होती.

आवाज थांबला.

अँपचा लाल दिवा तसाच होता. पंखा फिरत होता. उठून वायर पाहिली, जागच्या जागी. मग तारांकडे बोट नेलं, आणि टेकवता आलं नाही. कुणाच्या हातावर आपण असं न विचारता बोट ठेवत नाही.

घूं आवाज परत सुरू झाला.

"गेले," वहिनी म्हणाली. "तुमच्यासमोर जास्त वेळ बसत नाहीत. तुम्ही कामाले लावता."

मी बाहेर येऊन नवा रायपूरच्या माणसाला फोन केला. "भैया, आज मत आइए. बेस नहीं बेचना है."

"क्यों दीदी, खराब हो गया क्या?"

"नहीं," मी म्हणाले. "घर में बजाने वाले हैं."