अणुभट्टीवाले सर

आमचे पदार्थविज्ञानाचे सर छापील पुस्तकावरही विश्वास ठेवत नसत. फळ्यावर आकडा लिहिला की मागं सरून त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत आणि आम्हालाच विचारत, "कशावरून?" कॅन्टीनचा चहा आधी हुंगत. घरातले दिवे बंद करून मीटरचं चाक फिरतंय का, ते तपासत.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं वीजकपातीची. भरदुपारी यंत्रमाग बंद पडले की सोलापुरातली आमची गल्ली एकदम मुकी व्हायची. त्यातच कॉलेजात आलेल्या एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, अणुवीज आली की अंधार संपलाच म्हणून समजा. टाळ्या पडल्या. सर उठून म्हणाले, "संपेल किंवा संपणार नाही. आम्ही शिकून ठरवू." पुढच्या रविवारपासून त्यांच्या भाड्याच्या खोलीत आमचा अभ्यास सुरू झाला. चार-पाच जणांत मुलगी मी एकटी.

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, सुताचं दुकान होतं. त्यांना हे पटेना. "अणू म्हंजे बाँबच की. आन् कॉलेज सोडून घरी कशाला शिकवतो त्यो?" मी समजावून थकले : बाँबमध्ये जे मोकाट सुटतं, तेच भट्टीत लगाम घालून चालवतात, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते, वाफेनं चाक फिरतं, वीज तयार होते. अप्पा सगळं ऐकून घेत आणि विचारत, "खिडकी लावून घेता का?"

घेत होतो. आणीबाणी होती, आणि सरांचा शेजाऱ्यांवरही भरवसा नव्हता.

एका रविवारी पोलीस आले. भिंतीवरची अणुभट्टीची आकृती काढून घेतली आणि सरांना चौकीवर नेलं. आम्ही पाठोपाठ गेलो. फौजदारांनी आकृती उलटी धरून विचारलं, "काय उडवायचंय?"

"साहेब, आधी सुलटी धरा," सर म्हणाले. "हा बाँब नाही, चूल आहे."

मग त्यांनी फौजदारांनाच शिकवायला घेतलं. शेवटी फौजदार म्हणाले, "मग हितली लाईट का जाते सारखी?"

"त्याचाच तर अभ्यास चाललाय."

सरांना सोडलं, पण चौकीवर जाऊन आलेला माणूस कॉलेजला नकोसा झाला. सर नातेपुते गावच्या शाळेत शिकवायला गेले.

पुढं अणुवीज केंद्रातल्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. म्हणाले, "पोलिसांत मीच सांगितलं होतं. तुझ्या काळजीनं." मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी एका सकाळी तेच म्हणाले, "चल, नातेपुत्याला जाऊ."

सरांच्या दारात अप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले. सर म्हणाले, "बसा. सोलापुरात खोलीसमोरच्या पानपट्टीआड उभे असायचात तुम्ही, दिसायचात मला. पोरीच्या बापानं संशय घ्यायलाच हवा." अप्पांनी हात जोडले.

सर माझ्याकडं वळले. "भट्टीतून काढलेलं इंधन कुठं ठेवतात?"

"खोल पाण्याच्या टाकीत, सर."

"आणि त्यानंतर?"

"ते पुस्तकात दिलेलं नाही, सर."

"तिथं गेल्यावर विचार," सर म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं. प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला हे विचारायला कुणी सांगितलं?"