क्लच न दाबणारे काका

निडीहून रोह्याकडे जाताना ते दोघं मला रोज दिसायचे. मोटारसायकलच्या टाकीवर वालाच्या शेंगांची पिशवी, पुढे काका, मागे काकू. काकांचा उजवा हात ॲक्सिलरेटरवर असायचा आणि डाव्या हाताने त्यांनी पोटाशी काकूंचा हात धरलेला असायचा. मग क्लच दाबणार कोण? काका ॲक्सिलरेटर किंचित सोडायचे आणि नेमक्या त्या क्षणी पायाने गिअर टाकायचे. बहुतेक वेळा तो लोण्यासारखा पडायचा. कधी खट्ट वाजला की मागच्या गाडीवर माझेच दात आंबायचे.

एकदा वाटेवरच्या अष्टमी गावात त्यांनी गाडी लावली, तेव्हा मी थांबून विचारलंच, "काका, क्लचची वायर तुटलीय काय?"

"नाय ओ, वायर नवी हाय. ही ट्रकला घाबरते. पयल्यांदा गाडीवर बसली तवापासून हात धरूनच आणतो."

एवढं सांगून ते समोर चहा सांगायला गेले. पिशवी उतरवता उतरवता काकू हळूच म्हणाल्या, "भीती कवाच गेली माझी. पण त्यांना सांगू नका हां. लगेच क्लच दाबायला लागतील."